वजन उतरविण्याची जाहिरात : पैसे भरण्यापूर्वीचा हिशेब

‘एका महिन्यात दहा किलो वजन कमी, पथ्य नको, व्यायाम नको’ अशा मजकुराची पत्रके पूर्वी शहराच्या बाजारातच हाती पडत. आता तोच मजकूर मोबाइलच्या वाटेने थेट माजघरात येतो. आमच्या कणकुंबीसारख्या गावात शेत, पाणवठा आणि डोंगराची चढण यांनी माणसाचे शरीर आपोआप आटोक्यात राहत असे. पण चोर्ल्याच्या रस्त्याने तरुण मंडळी गोव्यात आणि बेळगावात बसून करावयाच्या नोकरीला लागली, घरोघर गॅस आणि नळ आले, आणि हा विषय आपल्यालाही परका राहिला नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रौढांपैकी शंभरांत सुमारे चोवीस स्त्रिया व तेवीस पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. तेव्हा वजन कमी करावे की नाही हा वादाचा प्रश्न नाही. समोर आलेल्या जाहिरातीवर पैसे खर्चावे की नाहीत, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

हा पैसा बहुधा दोनच प्रसंगी खर्च होतो : घरात मुलीचे लग्न जमविण्याची घाई असते तेव्हा, किंवा डॉक्टरांनी ‘साखर वाढली आहे’ असे सांगितल्यावर मनाला धास्ती बसते तेव्हा. घाई आणि धास्ती या दोन्ही गोष्टी जाहिरात करणारा पुरेपूर ओळखून असतो. म्हणून पाकिटाला हात घालण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, अशी वाचकांस आमची विनंती आहे. यासाठी चौथी-पाचवीचे गणित पुरते.

शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. घरकाम करणाऱ्या मध्यमवयीन स्त्रीच्या शरीरास दिवसाला ढोबळ मानाने २,००० उष्मांक लागतात असे धरू. आता समजा, तिने तीस दिवस अन्नाचा कणही तोंडात घातला नाही. तरी महिन्याची तूट होईल ६०,००० उष्मांकांची, म्हणजे पावणेआठ किलो चरबीची. पूर्ण निराहार राहूनही जितकी चरबी जळत नाही, तितकी ‘पथ्य नको’ म्हणणाऱ्या भुकटीने जळेल हे कसे मानावे? जेवण थोडे आवरून आणि चालणे वाढवून दिवसाला ५०० उष्मांकांची तूट साधली, तर महिन्यास दोन किलो उतरतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो, हीच डॉक्टरांनी सुरक्षित मानलेली गती आहे. फार घाईने वजन उतरविणाऱ्यांस पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

यावर कोणी म्हणेल, “अमक्याच्या सुनेचे पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले, ते काय खोटे?” खोटे नव्हे, वजनकाटा खरेच बोलतो. परंतु तो कशाचे वजन गेले ते सांगत नाही. आपल्या यकृतात व स्नायूंत साखरेचा काही साठा असतो आणि त्याच्या एका भागासोबत सुमारे तीन भाग पाणी बांधलेले असते. भात-भाकरी एकाएकी तोडली की आधी हा साठा रिकामा होतो व पाणी लघवीवाटे निघून जाते. पुन्हा दोन दिवस नीट जेवले की तेच पाणी परत येते. उपाशी राहण्याचा अतिरेक झाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि काट्यावर ती झीजही ‘यश’ म्हणूनच दिसते. जाहिरातीतील छायाचित्रे पहिल्या महिन्याची का असतात आणि दुसऱ्या वर्षाची का नसतात, याचे उत्तर बरेचसे यात आहे.

म्हणून कोणत्याही योजनेस विचारावयाचा आमच्या मते मुख्य प्रश्न हा की, ती संपल्यावर काय? डब्यातील भुकटी दोन वेळच्या जेवणाऐवजी पाण्यात कालवून प्यावयाची असेल, तर भुकटी बंद झाल्याच्या दिवशी ताटात काय वाढावयाचे ते तिने शिकविलेले नसते. मग डबा पुढे चालू ठेवावा, नाहीतर वजन परत घ्यावे. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो पाहून पुष्कळजण निश्चिंत होतात. तो क्रमांक धंद्याला परवाना असल्याचे सांगतो. त्या भुकटीने वजन उतरते असे सरकारने ठरविले आहे, असा त्याचा अर्थ नाही.

या भुकट्या पुष्कळदा ओळखीच्या माणसाकडून येतात, आणि खरी अडचण तेथेच आहे. विकणारी आपलीच मावशी वा शेजारची वहिनी असते. नकार दिला तर नाते दुखावेल, या भिडेपोटी डबा घेतला जातो. म्हणतात ना, भिडे भिडे पोट वाढे! अशा थेट विक्रीसाठी २०२१ साली केंद्र सरकारने नियम केले आहेत. विक्रेत्याने ओळखपत्र दाखवावे, आणि घेणाऱ्यास मन बदलून माल परत करण्यास मुदत मिळावी, असे त्यांत आहे. मावशीस ओळखपत्र मागणे आपल्याच्याने होणार नाही हे खरे. परंतु पावती मागण्यास भीड कसली?

मोठ्या नावाची संस्था आणि परदेशी यंत्र पाहूनही भुलू नये. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने व्हीएलसीसी या प्रसिद्ध संस्थेस दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल तीन लाख रुपये दंड केला. ज्या शीतयंत्राची जाहिरात वजन उतरविण्यासाठी चालली होती, त्यास अमेरिकेतील मान्यता होती ती अंगावरील ठरावीक ठिकाणचे चरबीचे उंचवटे कमी करण्यापुरती, आणि तीही फार स्थूल नसलेल्या माणसांसाठी. मान्यता खरी, पण वेगळ्याच कामाची! ‘परदेशात मान्यताप्राप्त’ हे शब्द दिसले की ‘कशासाठी?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

गोळ्यांविषयी तर अधिकच सावध असावे. सिब्युट्रामीन नावाचे भूक मारणारे औषध एकेकाळी राजरोस मिळे. त्याने हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो असे दिसून आल्यावर २०११ साली आपल्या देशात त्यावर बंदी आली. तरी ‘निव्वळ वनस्पतिजन्य’ म्हणविणाऱ्या गोळ्यांत ते लपवून घातलेले निरनिराळ्या देशांत सापडले आहे. २०२५ पासून वजन उतरविण्याची नवी इंजेक्शने आपल्याकडेही मिळू लागली आहेत. त्यांचा गुण तपासून सिद्ध झालेला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती महाग आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेण्याची नव्हेत, आणि थांबविल्यावर बरेचसे वजन परत येते.

मग विनामूल्य योजनांचे काय? महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीची घरोघर चर्चा झाली. कै. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन त्यांनी सांगितले की, कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपावे, आणि रोज पाऊण तास चालावे. दुसऱ्या बाजूस ऋजुता दिवेकर म्हणतात की, आपल्या मातीतील भात, तूप, फळे खावीत आणि थोडे थोडे अनेकदा खावे. या दोन पक्षांचे अनुयायी एकमेकांशी भांडले, हे थोडे गमतीचेच. आम्हांस दोहोंतील एक गुण महत्त्वाचा वाटतो : दोघेही आपल्याच चुलीवरच्या अन्नाविषयी बोलतात, डबा विकत नाहीत. नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाचा भात, कुळीथ, पालेभाजी हे सर्व त्यांत बसते. दोन वेळा की सहा वेळा, हे ज्याचे त्याने आपल्या कामाधामावरून ठरवावे. एकूण खाणे कमी झाले आणि ते वर्षभर निभले, तर दोहोंनीही वजन उतरेल. पाऊण तास चालण्याची गोष्ट मात्र आषाढ-श्रावणातील आमच्या पावसास कोणी विचारलेली दिसत नाही! त्या दिवसांत पडवीत फेऱ्या घालाव्यात; पायांना तेवढेच पुरते.

आपल्या जुन्या वैद्यकानेही हा विषय सोडलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार आहे. स्थूलाने पचावयास जड पण पोषणास हलके असे अन्न घ्यावे, जव-वरईसारखी धान्ये खावीत असे तेथे सांगितले आहे, आणि व्यायामादी उपाय क्रमाक्रमाने वाढवावेत असे बजावले आहे. ‘आयुर्वेदिक, सात दिवसांत गुण’ असे छापणाऱ्यांनी हा अध्याय उघडलेला नसावा. मात्र आपल्या घरचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. उपवासाने वजन उतरेल म्हणून एकादशी धरावी आणि तुपातील साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू यांवर ती सोडवावी, हे म्हणजे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’! दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढेच सोडले तरी महिन्यास सुमारे ४,८०० उष्मांक वाचतात. चरबीच्या हिशेबाने ते अर्ध्या किलोहून अधिक होतात, आणि खर्च उलट वाचतो.

प्रथम आपणांस वजन उतरविण्याची गरज आहे की नाही ते तरी पाहावे. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. एक मीटर पंचावन्न सेंटिमीटर उंची व बासष्ट किलो वजन असल्यास उत्तर २५.८ येते. भारतीयांसाठी तेवीसपर्यंत ठीक, पंचवीस वा अधिक म्हणजे स्थूलता, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. या मोजमापांत बसणाऱ्या मुलीला केवळ पाहण्याच्या कार्यक्रमासाठी भुकटी पाजणे हा तिच्यावर अन्याय आहे. फाजील वजन असलेल्याने शंभरातील पाच भाग उतरविले, म्हणजे ऐंशीतील चार किलो, तरी रक्तदाब व साखर यांवर चांगला परिणाम दिसतो. दहा किलोंचा हट्ट कशाला?

मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आणि वाढत्या वयाची मुले यांनी जाहिरातीवरून अथवा या लेखावरूनही जेवणाच्या वेळा बदलू नयेत. गोळी घेऊन जेवण टाळल्यास साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. ‘आमचे औषध सुरू करा, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा’ असे सांगणाऱ्यास तर दारातूनच परत पाठवावे. वजन एकाएकी वाढू लागले असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी खानापूरचे सरकारी रुग्णालय जवळ आहे.

ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत त्यांनी पत्रक, पावती व मोबाइलवरील संदेश फेकू नयेत. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याच्या परिशिष्टात स्थूलतेचे नाव आहे. ती बरी करतो अशी औषधाची जाहिरात करणे त्या कायद्याने गुन्हा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असा आहे. अर्ज लिहिण्यास अडचण वाटल्यास सायंकाळच्या आरतीनंतर कागदपत्रे घेऊन देवळात यावे. आम्ही बसून लिहून देऊ.