बोट येईपर्यंत

मित्रमैत्रिणींनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. त्यामुळे माझ्या मराठीत चुका सापडतील, सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे, टेन्शन!

थर्ड सेमच्या मॅथ्सच्या पेपरला माझं डोकं चक्क बंद पडलं. प्रश्न वाचत होते, पण आत काही शिरत नव्हतं. तळहात ओले, छातीत धडधड. दहा वेळा सोडवलेली लाप्लासची उदाहरणंही आठवेनात. केटी लागली. घरी सांगितलं नाही आणि पुढे महिनाभर धड झोपही नाही.

सुट्टीत जयगडला गेले. एक दिवस आजीबरोबर खाडीपलीकडे तवसाळला जायचं होतं. आम्ही जेट्टीवर पोचलो आणि डोळ्यांसमोर फेरीबोट सुटली. मी येरझाऱ्या घालायला लागले, दर मिनिटाला मोबाईलमध्ये वेळ बघत. आजी पिशवी ठेवून आरामात टेकली आणि म्हणाली, "बाय, तू उभी ऱ्हायलीस म्हणून बोट लवकर येनार हाय काय? बस जरा."

बसले. शास्त्री नदी समुद्राला मिळते ते पाणी मी लहानपणापासून बघत आलेय, पण नीट बघून वर्षं झाली होती. बाजूला एक काका फाटलेलं जाळं दुरुस्त करत होते. एक गाठ, मग पुढची गाठ. घाई नाही, पण हात थांबतही नव्हता. बोट येईपर्यंत मी आजीला केटीचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग परत बस परीक्षेला." एवढंच!

त्या दिवशी कळलं की थांबणं म्हणजे वेळ फुकट घालवणं नव्हे. पण हॉस्टेलवर बोट चुकत नाही, म्हणून थांबायची वेळ आपणच ठरवावी लागते. मी रोज करते त्या चार गोष्टी सांगते.

१. श्वास : आपण आरामात बसलो असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. टेन्शनमध्ये ते वाढतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. म्हणून सोडणं लांबवायचं. ४ आकडे मोजत आत, ६ आकडे मोजत बाहेर. म्हणजे १० सेकंदांना एक, मिनिटाला ६. सकाळी मोबाईल हातात घेण्याआधी ५ मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर सोडून द्या. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे 'बाबा लोकांचं' आहे असं मलाही वाटायचं. पण लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं, तेच मुळी योग प्रयोगशाळेत तपासायला. आपल्याला इंजिनिअर म्हणून आवडेल अशीच गोष्ट आहे.

२. एका वेळी एकच : मेसमध्ये जेवताना मोबाईल उलटा ठेवायचा. आमटी कशीही असो, ती आमटीच खायची, व्हॉट्सॲप नाही. त्या जाळ्यावाल्या काकांची आठवण ठेवा.

३. तिन्हीसांजेचं चालणं : घरी आजी या वेळी दिवा लावून दोन मिनिटं गप्प बसते. मी हॉस्टेलपासून गेटपर्यंत जाऊन येते, इअरफोनशिवाय. पहिले चार दिवस बोअर होतं, मग त्याचीच वाट बघायला लागतो.

४. झोपण्याआधी कागद : डोक्यात फिरणारं सगळं वहीत उतरवायचं आणि त्यातली उद्याची फक्त तीन कामं वेगळी लिहायची. कागदावर गेलेली काळजी रात्री २ वाजता उठवत नाही, निदान रोज तरी नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. एक निवडा आणि १५ दिवस करा. एखादा दिवस चुकला तर त्याचंही टेन्शन घेऊ नका!

आणि एक महत्त्वाचं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर नुसत्या श्वासावर भागवू नका. रूममेटला, सरांना-मॅडमना, घरी, कोणाला तरी सांगा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. मी महिनाभर गप्प बसले, ती माझी केटीपेक्षा मोठी चूक होती.

मॅथ्स सुटला का? सुटला, काठावर! श्वासामुळे नाही, अभ्यासामुळेच. पण पेपर हातात आल्यावर छाती धडधडलीच, तेव्हा मी पेन खाली ठेवून सहा वेळा सावकाश श्वास सोडला आणि मग प्रश्न वाचता आले. गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरने रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत, फक्त आपण सीटवरून उडत नाही. तेवढं झालं तरी खूप आहे.

बघा जमतंय का. आणि कधी जयगडला आलात आणि बोट चुकली, तर बसा जरा!