दूरदेशी थडगे, घरी फोटो

माणूस आपल्या गावात वारला तर चार माणसे जमतात, दहावे-तेरावे होते, आणि ती जागा सगळ्यांना ठाऊक असते. पण माणूस समुद्रापलीकडे वारला तर? घरच्यांना शेवटचे तोंडही दिसत नाही. अशा घरी त्या जागेचा एक फोटो आला तरी केवढा आधार वाटतो! म्हणून परमुलखात पुरलेल्या माणसांच्या थडग्यांचे फोटो का व कसे काढतात, ते आपण या लेखात पाहू.

फोटो पाठवायला सुरुवात कशी झाली?

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. फेबियन वेअर नावाचे एक इंग्रज गृहस्थ रेडक्रॉसच्या मोटार-पथकाचे प्रमुख म्हणून फ्रान्सला गेले. काम होते जखमींना उचलण्याचे. तिथे त्यांच्या ध्यानात आले, की मेलेल्या शिपायांच्या थडग्यांची धड नोंदच कुणी ठेवत नाही. लाकडी खूण उभी केली तरी पावसापाण्यात किती दिवस टिकणार? मग त्यांचे पथक नोंदी ठेवू लागले. मार्च १९१५ पासून तर, नातेवाइकांनी विचारणा केली की थडग्याचा फोटो आणि ते कुठे आहे याची माहिती घरी पाठवू लागले. प्रेते मायदेशी न्यायची नाहीत असे ठरले होते. त्यामुळे पुष्कळ आयांना आपल्या मुलाचे थडगे म्हणून तो कागदावरचा फोटोच काय तो मिळाला.

या कामातूनच १९१७ साली एक आयोग स्थापन झाला. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात. त्याचा नियम असा, की सेनापती असो नाहीतर साधा शिपाई, मेल्यावर सगळे सारखे. नेहमीचा उभा दगड सुमारे पावणेतीन फूट उंच आणि सव्वा फूट रुंद असतो. त्यावर पलटणीचे चिन्ह, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख आणि त्याच्या धर्माची खूण कोरतात.

त्यांचे लोक आपल्याकडे

पुण्याजवळ खडकीला या आयोगाचे युद्धस्मशान आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जणांची थडगी तिथे आहेत. पश्चिम व मध्य भारतात जिथे कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, तिथली थडगी खडकीला आणली. तिथेच पहिल्या महायुद्धातील अठराशेहून अधिक जणांची नावे स्मारकावर आहेत. त्यांची थडगी भारतात व पाकिस्तानात ठिकठिकाणी होती, पण ती राखणे जमेना. म्हणून नुसती नावे स्मारकावर आणली. दगड आपोआप टिकत नाही, हे यावरून समजते.

आपले लोक त्यांच्याकडे

आता उलट बाजू पाहू. पहिल्या महायुद्धात भारताचे सुमारे ७४ हजार लोक मेले. फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. जर्मनीत झेरेन्सडॉर्फ येथे २०६ भारतीय आहेत. ते युद्धकैदी होते, कैदेतच वारले. पुढे तो भाग लष्करी हद्दीत गेला आणि स्मशानाची फार पडझड झाली. २००५ साली ते पुन्हा नीट केले. नावे नोंदवहीत होती, म्हणून ती हरवली नाहीत.

आपल्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे वेगळे थडगे नाही. इटलीतील कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. ज्यांना अग्नी दिला किंवा ज्यांचे थडगे सापडले नाही, त्यांची नावे अशीच स्मारकावर कोरलेली असतात. तेव्हा फोटो काढणाराने थडगी पाहून परत फिरू नये, भिंतीवरची नावेही टिपावीत.

फोटो कसा काढावा?

१. आधी राखणदाराला विचारावे. ती दुसऱ्याच्या आईबापांची जागा आहे. थडग्यावर पाय देऊ नये, मोठ्याने हसू-बोलू नये.

२. ऊन बाजूने पडेल अशी वेळ निवडावी. भर दुपारी समोरून ऊन आले की अक्षरे सपाट दिसतात. सकाळी किंवा तिसऱ्या प्रहरी तिरपे ऊन पडले की कोरलेल्या खाचेत सावली बसते आणि पुसट अक्षरही उठून दिसते.

३. दगडाचे तोंड उत्तरेला असेल तर बहुतेक वर्षभर त्यावर ऊन येत नाही. तेव्हा एकाने बाजूला उभे राहून आरशाने उन्हाचा कवडसा तिरपा पाडावा. घरातला आरसाही चालतो.

४. तीन फोटो घ्यावेत. पहिला पूर्ण दगडाचा, अगदी समोरून, दगडाच्या मध्याच्या उंचीवर बसून. दुसरा जवळून, फक्त अक्षरांचा. तिसरा लांबून, आजूबाजूची झाडे, भिंत, फाटक दिसेल असा. घरच्यांना ती जागा कशी आहे तेही बघायचे असते.

५. वहीत स्मशानाचे नाव, ओळ आणि क्रमांक लिहावा. अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत, चूक वाटली तरी सुधारू नयेत. आपल्या माणसांची नावे इंग्रजीत लिहिताना कारकुनांनी एकच आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहिले आहे. त्यातले कोणते दगडावर आहे हे फोटोवरूनच कळते.

हे मुळीच करू नये

अक्षर दिसावे म्हणून काहीजण खडू किंवा पीठ चोळतात. पीठ राहिले की बुरशी धरते. तारेच्या ब्रशाने घासले की दगडाचा वरचा थर निघतो आणि अक्षर कायमचे जाते. लिंबू, ॲसिड लावणे तर फारच वाईट. शहाबादी फरशीवर लिंबू पिळून पाहा, फेस येतो. तो चुनखडीचा दगड विरघळत असतो. म्हणून वाळके पान हाताने बाजूला करावे, एवढेच पुरे.

करून पाहा

आपल्याकडे बऱ्याच गावांत देवळापाशी वीरगळ असतो. तोही लढताना पडलेल्या माणसाचा दगड. एका वीरगळाचे सकाळी, दुपारी व संध्याकाळी असे तीन फोटो घ्या आणि कोणत्या वेळी कोरीव काम जास्त उमटले ते वहीत लिहा.

पालकांना एक विनंती आहे. घरात जुने मेडल, पेन्शनचा कागद किंवा "आजोबा लढाईवर गेले ते आलेच नाहीत" अशी आठवण असेल, तर नाव, नंबर, पलटण आणि साल एका कागदावर उतरवून ठेवा. आयोगाच्या नोंदी आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. कित्येक नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. नाव सापडले, की स्मशान किंवा स्मारक कोणते तेही कळते. मग तिकडे राहणाऱ्या कुणाला तरी फोटोसाठी विचारता येते. आणि आपण खडकीला गेलो, तर तिकडच्या एखाद्या घरासाठी तेच काम आपण करू शकतो.