संगणकावरील शेतीनोंदी आणि तबकडीवरील प्रत

मालेगाव तालुक्यातील पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी आता संगणक आलेला आहे. मुलांच्या शिक्षणाकरिता घेतलेल्या या यंत्रावर हळूहळू घरचा हिशेबही येऊन बसतो. कांदा विक्रीच्या हिशेबपट्ट्या, मजुरीचे खाते, माती परीक्षणाचे अहवाल, गारपिटीनंतर घेतलेली छायाचित्रे हे सर्व त्यात साठत जाते. निर्यातीसाठी नोंदविलेल्या डाळिंब बागेत कोणते औषध कोणत्या तारखेस फवारले, याची नोंद तर ठेवावीच लागते. संगणकातील हार्ड डिस्क बिघडल्यास या नोंदी पुन्हा मिळण्याची खात्री नसते. सातबारा उतारा सरकारी संकेतस्थळावरून केव्हाही काढता येतो. आपल्या बागेची फवारणी मात्र दुसऱ्या कोणीही लिहून ठेवलेली नसते. बियाणे एकाच कणगीत ठेवू नये हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तोच विचार येथेही करावयाचा आहे.

प्रत घेण्याचा एक मार्ग म्हणजे डीव्हीडी. मालेगावास तबकडी अपरिचित नाही. शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला आणि येथील हौशी कलावंतांचे चित्रपट व्हिडिओगृहांतून व तबकड्यांवरून पाहिले गेले. नव्या लॅपटॉपला मात्र तबकडीची खाच बहुधा नसते. त्यामुळे बाहेरून जोडावयाचा डीव्हीडी रायटर घ्यावा लागतो, आणि तक्रारींना तेथूनच सुरुवात होते. तबकडी अर्ध्यावर भरून थांबते, यंत्र तिला ओळखत नाही, किंवा भरलेली तबकडी दुसऱ्या संगणकावर कोरी दिसते. दोष नेहमी रायटरचाच असतो असे नाही.

वीज अपुरी पडणे

लहान रायटरला वेगळी वीजजोडणी नसते. तो युएसबीच्या वायरीतूनच वीज घेतो. जुन्या पद्धतीच्या युएसबी तोंडातून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर, तर नव्या, बहुधा आतून निळ्या असलेल्या, तोंडातून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. तबकडी फिरू लागते त्या क्षणी व लेसर लिहीत असताना विजेची गरज वाढते. ती भागली नाही की काम मध्येच तुटते. म्हणून रायटर थेट संगणकास जोडावा. एका तोंडाची चार तोंडे करणाऱ्या हबवर जोडू नये. टेबलावरील संगणक असल्यास पुढच्या बाजूऐवजी मागील बाजूचे तोंड वापरावे. काही रायटरसोबत दोन तोंडांची वायर मिळते. तिची दोन्ही तोंडे जोडावयाची असतात. दुसरे तोंड बिनकामाचे समजून गुंडाळून ठेवलेले आमच्या पाहण्यात अनेकदा आले आहे.

मळ्यातील वस्तीवर विजेचा दाब खाली-वर होतो. २००० सालानंतरच्या रायटरमध्ये माहितीचा ओघ क्षणभर थांबला तरी तबकडी वाया जाऊ नये अशी सोय होऊ लागली. वीज गेल्यास मात्र ती सोय उपयोगी पडत नाही. लॅपटॉप पूर्ण भारित करून, चार्जर लावूनच काम सुरू करावे. टेबलावरील संगणकास यूपीएस नसेल तर प्रत घेण्याचे काम विजेचा भरवसा असेल अशाच वेळी करावे.

भरताना घ्यावयाची काळजी

डीव्हीडीवर ४.७ जीबी असे छापलेले असते, पण संगणक तीच जागा सुमारे ४.३८ जीबी दाखवितो. कारखानदार हजाराने मोजतो, संगणक १०२४ ने. जागा पुरत नाही म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. तबकडी काठोकाठ न भरता चार जीबीपर्यंतच भरावी.

पेन ड्राइव्हवरील माहिती आधी संगणकात उतरवून घ्यावी व मग तबकडीवर न्यावी. वेग सर्वांत जास्त न ठेवता चौपट ठेवावा. त्या वेगाने पूर्ण तबकडी भरण्यास सुमारे पंधरा मिनिटे लागतात. विंडोज सुरुवातीलाच विचारते की तबकडी पेन ड्राइव्हसारखी वापरावयाची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. येथे दुसरा पर्याय निवडावा. पहिल्या पर्यायाने भरलेली व नीट बंद न केलेली तबकडी परक्या यंत्रावर पुष्कळदा उघडत नाही.

पातळ रायटरमध्ये वाचणारे भिंग ताटलीवरच बसविलेले असते. ताटली बाहेर आली की भिंगही बाहेर येते, आणि मालेगावात धुळीबरोबर यंत्रमागाच्या सुताचा तंतूही हवेत असतो. तेव्हा ताटली उघडी ठेवून चहास जाऊ नये.

वाचून पाहणे

भरणे पूर्ण झाल्याची सूचना म्हणजे प्रत तयार झाल्याची पावती नव्हे. आज्ञावलीत पडताळणीचा पर्याय असल्यास तो घ्यावा. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, तरी तो टाळू नये. त्यानंतर तबकडी दुसऱ्या संगणकावर, शक्य तर ग्रामपंचायतीत किंवा शेजाऱ्याकडे, घालून दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. याच वेळी मराठी नोंदींची परीक्षा होते. जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असल्यास फाइल शाबूत असूनही अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. अशा नोंदी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, निदान तो फाँट तरी त्याच तबकडीवर ठेवावा.

साठवण

घरी भरलेल्या डीव्हीडीत माहिती सामान्यतः सेंद्रिय रंगाच्या थरात कोरली जाते. ऊन व उष्णता या थरास बाधक आहेत. मालेगावचा पारा उन्हाळ्यात ४२ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालील फडताळ ही तबकडीची जागा नव्हे. आतल्या खोलीतील लाकडी कपाटात, डबीत उभी ठेवावी. नाव मऊ टोकाच्या मार्करने लिहावे, बॉलपेनने नाही. विशेषतः सीडीत माहितीचा थर नावाच्या बाजूसच, पातळ लेपाखाली असतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी तबकडी कायमच्या प्रतीसाठी घेऊ नये.

इतक्या खटपटीनंतर तबकडीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. एकदा भरून बंद केलेल्या तबकडीवरील मजकूर संगणकातील व्हायरसला बदलता येत नाही. पेन ड्राइव्ह किंवा जोडून ठेवलेली हार्ड डिस्क याबाबतीत सुरक्षित नाही. परंतु एकट्या तबकडीवर विसंबूनही चालणार नाही. कोऱ्या तबकड्या बनविणारे कारखाने कमी होत आहेत. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. दुसरी प्रत लहान हार्ड डिस्कवर घ्यावी, ती प्रत घेण्यापुरतीच संगणकास जोडावी आणि नंतर भावाच्या अथवा नातलगाच्या घरी ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ज्या घरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी भरलेल्या तबकड्या आहेत तेथे त्या एकदा वाचून पाहण्यास सांगावे. वाचताना यंत्र अडखळू लागले, तर ती तबकडी पुसत न बसता दुसऱ्या रायटरमध्ये घालून पाहावी व जेवढी माहिती निघेल तेवढी त्याच दिवशी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी.