टाकाऊ माल हलविण्याचा हुकूम व न्यायालयाचा अवमान

एखादा इसम गावाबाहेरील पडीक जमीन भाड्याने मागतो, आगाऊ पैसे देतो आणि तेथे कारखान्यातील रासायनिक टाकाऊ मालाची पिंपे बेकायदा आणून ठेवतो. पावसाळ्यात पिंपे झिरपतात व शेजारच्या विहिरीचे पाणी बिघडते. प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन ठरावीक मुदतीत माल हलविण्याचा हुकूम होतो. तो हुकूम जमीनमालकावरही झालेला असल्यास, ‘माल माझा नव्हे’ एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही.

न्यायालयाचा हुकूम जाणूनबुजून न पाळणे हा दिवाणी अवमान होय. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम १२ अन्वये त्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मनःपूर्वक मागितलेली माफी न्यायालयास पटल्यास शिक्षा माफ होऊ शकते. परंतु माल जागच्या जागी ठेवून मागितलेली माफी पटणे कठीण. दंड भरल्यानेही माल हलविण्याची जबाबदारी संपत नाही.

खरोखर अडचण असल्यास मुदत संपण्यापूर्वीच वकिलामार्फत मुदतवाढीचा अर्ज करावा व केलेल्या प्रयत्नांचे कागद जपून ठेवावेत. माल जाळू अथवा पुरू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवून तो अधिकृत केंद्राकडेच पाठवावा व पोच घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती शेतकरी बंधूंस समजावून सांगावी. जमीन भाड्याने देण्यापूर्वी तीवर काय ठेवले जाणार, याची चौकशी करणे हाच खरा उपाय होय.