आवरणाचे पंधरा मिलिमीटर

बोईसरला माझे इमारतींचे नकाशे व हिशेब करण्याचे लहानसे दफ्तर आहे, आणि तारापूर औद्योगिक वसाहतीतील शेडांपासून चिंचणीच्या किनाऱ्यावरील घरांपर्यंतची कामे तेथे येत असल्याने, लोखंडाला गंज कसा चढतो हे मला ग्रंथांपेक्षा भिंतींनीच अधिक शिकविले आहे. असे असूनही माझ्या हातून जो कसूर घडला तो नेमका गंजाच्याच बाबतीत घडला, म्हणून तो समव्यवसायी बंधूंसाठी नमूद करतो.

चिंचणीतील एका दुमजली घराचे मॉडेल करताना स्तंभ, बीम व स्लॅब यांतील सळयांवरचे काँक्रीटचे आवरण, ज्याला कामावर सगळेच ‘कव्हर’ म्हणतात, ते एकेका घटकाला हाताने भरण्याचे कंटाळवाणे काम मी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनावर सोपविले. त्याने क्षणार्धात लिहून दिलेला प्रोग्राम बिनतक्रार चालला, आणि नळाचे पाइप बीमच्या आड येतात काय याची तपासणीही निर्दोष निघाल्यावर मी नकाशे छापून जागेवर पाठविले. कव्हर कमी पडले तर मॉडेलमध्ये काहीच कशावर आदळत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले नाही.

ते ध्यानात आणून दिले फिटरने. तळमजल्याचे चार स्तंभ भरून झाले होते. पाचव्याच्या रिंगा बांधता बांधता तो थांबला आणि कव्हरचा ठोकळा माझ्या हातावर ठेवून म्हणाला, ‘‘साहेब, हा तीसचा आहे. समोरची गॅलरी बघा.’’ त्या गॅलरीचे काँक्रीट खालून पापुद्र्यांनी सुटले होते आणि सळई तांबड्या भुकटीत उघडी पडली होती.

आयएस ४५६ या २००० सालच्या संहितेप्रमाणे किनाऱ्याच्या हवेस उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात मोडते; त्यास आवरण ४५ मिलिमीटर व काँक्रीट किमान एम-३० प्रतीचे लागते, आणि संक्षारक वाफांच्या सान्निध्यात, म्हणजे आमच्या कित्येक कारखान्यांत, आवरणाचा आकडा ५० वर जातो. मी गाव सांगितले नव्हते. साधनाने ‘मध्यम’ वर्ग गृहीत धरून ३० घातले. स्तंभांच्या उभ्या सळयांना तर सहसा ४० हून कमी चालत नाही, तेही त्याने पाहिले नाही आणि मीही नाही.

चारही स्तंभ तोडून माझ्या खर्चाने पुन्हा भरले. त्याहून मोठे काम दफ्तरात निघाले, कारण आवरण वाढले की सळई आत सरकते: १२५ मिलिमीटरच्या स्लॅबची, १० मिलिमीटरची सळई धरता, परिणामकारक खोली ९० वरून ७५ वर आली, म्हणजे सहावा हिस्सा गेला, आणि सारे हिशेब नव्याने मांडावे लागले.

साधन टाकून द्या असे मी म्हणणार नाही. महिन्याचे काम ते आठवड्यावर आणते. परंतु समुद्र किती दूर, शेजारून कोणती वाफ येते, संहिता कोणती व कोणत्या सालची, हे त्याला आधी लेखी द्यावे. त्याने काय काय गृहीत धरले याची यादी काम सुरू होण्यापूर्वीच मागावी. ती संहितेच्या तक्त्याशी स्वतः ताडून पाहावी. आणि एक स्तंभ व एक स्लॅब तरी कागदावर हाताने सोडवावा, कारण नकाशावर सही आपली असते. मी आणखी एक करतो. छपाईपूर्वी फिटरला दफ्तरात बोलावून पडद्यावर स्तंभाचा छेद दाखवितो. चिंचणीचा तोच फिटर परवा आला, खुर्ची ओढून बसला, आणि छेदाच्या कडेवर बोट ठेवून त्याने पहिला प्रश्न केला, ‘‘कव्हर किती धरलंय, साहेब?’’