पबमेडमधील प्रगत शोध : विंचूदंशाच्या उदाहरणाने एक अभ्यास

कोकणातील ग्रामीण जनतेला लाल विंचवाची भीती परंपरेने ठाऊक आहे. या विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुलांमध्ये, हृदयावर ताण पडून फुप्फुसांत पाणी साचण्याचा व रोगी दगावण्याचा धोका असतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाच्या लक्षणांचा अभ्यास करून इ. स. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला आणि पुढे प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता दाखवून दिली. हे संशोधन आज जगापुढे खुले आहे. परंतु ते खुले असणे आणि गरजवंताला सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. योग्य रीतीने शोध न घेणारा वाचक ‘माहिती उपलब्ध नाही’ अशा चुकीच्या निष्कर्षाप्रत येण्याचा संभव असतो.

भांडाराचे स्वरूप

‘पबमेड’ ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची संगणकीय लेखसूची होय. ती इ. स. १९९६ मध्ये सुरू झाली व १९९७ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. वैद्यक व जीवशास्त्र या विषयांवरील साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी तीत आहेत. नोंदीत शीर्षक, लेखक, नियतकालिक, वर्ष आणि बहुधा लेखाचा सारांश असतो. पूर्ण लेख प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही, तथापि, इ. स. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘पबमेड सेंट्रल’ या जोडविभागात अनेक लेख संपूर्ण वाचता येतात. शोधशब्द इंग्रजीत, रोमन लिपीत द्यावे लागतात.

तीन जोडशब्द

शोधाच्या चौकटीत केवळ ‘स्कॉर्पियन’ हा शब्द दिल्यास विंचवाच्या शरीररचनेपासून विषाच्या रसायनशास्त्रापर्यंतचे असंख्य लेख समोर येतात. यास्तव ‘अँड’, ‘ऑर’ व ‘नॉट’ या जोडशब्दांचा उपयोग करावा. ते मोठ्या रोमन अक्षरांत लिहावेत. ‘अँड’ने दोन्ही शब्द असलेले लेख मिळतात व शोध आटोपशीर होतो. ‘ऑर’ने दोहोंपैकी कोणताही शब्द असलेले लेख येतात व शोध विस्तारतो. ‘नॉट’ मात्र जपून वापरावा. ‘सर्प’ हा शब्द वगळल्यास सर्पदंश आणि विंचूदंश या दोहोंची चर्चा करणारा उपयुक्त लेखही नाहीसा होतो.

कंसांचे महत्त्वही ध्यानी घ्यावे. पबमेड हे जोडशब्द डावीकडून उजवीकडे वाचते. ‘प्राझोसिन अँड स्कॉर्पियन ऑर मेसोब्यूथस’ असे लिहिल्यास मेसोब्यूथसविषयीचे सर्वच लेख, त्यांत प्राझोसिनचा उल्लेख नसला तरी, यादीत येतात. ‘प्राझोसिन अँड (स्कॉर्पियन ऑर मेसोब्यूथस)’ अशी मांडणी केल्यास हा घोटाळा टळतो.

नावे बदलतात

प्राण्यांची शास्त्रीय नावे कालांतराने बदलतात, ही जीवशास्त्रातील शोधाची मुख्य अडचण होय. हाच लाल विंचू जुन्या लेखांत ‘ब्यूथस टॅम्युलस’, नंतरच्या लेखांत ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ आणि अलीकडे ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ या नावाने आढळतो. केवळ नवे नाव देणाऱ्याला जुने संशोधन गवसणार नाही. म्हणून तिन्ही नावे ‘ऑर’ने जोडून कंसात द्यावीत.

यावरचा दुसरा उपाय म्हणजे ‘मेश’ ही प्रमाणित विषयशब्दावली. लेखात कोणतेही शब्द असले तरी त्याच्या आशयानुसार ठरावीक विषयशब्द त्याला जोडले जातात. ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ हा असाच एक विषयशब्द आहे. नव्याने दाखल झालेल्या काही लेखांना मात्र विषयशब्द जोडलेले नसतात. म्हणून विषयशब्द व साधे शब्द दोन्ही वापरणे श्रेयस्कर.

प्रगत शोधाचे पान

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या पानावर शब्द शीर्षकात, सारांशात की लेखकाच्या नावात शोधावयाचा हे ठरविता येते. लेखकाचे आडनाव प्रथम व नंतर आद्याक्षरे द्यावीत. आधी घेतलेल्या शोधांची क्रमवार यादीही येथे मिळते व त्यांतील दोन शोध एकत्र जोडता येतात. यादीतील ‘डिटेल्स’ या खुणेवर पबमेडने दिलेल्या शब्दांचा अर्थ कसा लावला ते दिसते. अपेक्षेपेक्षा वेगळी यादी आल्यास प्रथम तेथे पाहावे. निकालांच्या पानावरील गाळण्यांनी प्रकाशनाचे वर्ष किंवा लेखाचा प्रकार निवडता येतो. ‘यादृच्छिक चाचणी’ हा प्रकार निवडल्यास, उदाहरणार्थ, महाड येथील ७० रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीचा लेख मिळू शकतो. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो, असे त्या चाचणीत आढळले. हा लेख इ. स. २०११ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

विवेकाची आवश्यकता

सूचीत नोंद असणे म्हणजे निष्कर्ष निर्विवाद असणे नव्हे. मागे घेतलेल्या लेखांवर तशी खूण केलेली असते, ती पाहावी. तसेच हा शोध अभ्यासासाठी आहे, उपचारासाठी नव्हे. दंश झालेल्या व्यक्तीस विनाविलंब आरोग्य केंद्रात नेणे हेच पंचायत सदस्यांचे व शिक्षकांचे पहिले कर्तव्य होय. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, विज्ञानाचे शिक्षक व ग्रंथपाल यांनी ही शोधपद्धती आत्मसात केल्यास महाडसारख्या गावात सिद्ध झालेले ज्ञान दूरच्या दुसऱ्या गावातील रुग्णाच्याही उपयोगी पडू शकेल.