यादी घरूनच लिहून न्यायची
न्यू जर्सीत नव्यानं येणाऱ्या घरांसाठी, किराण्याच्या हिशेबाबद्दल

इथे आल्यावर पहिल्याच शनिवारी कोणीतरी ओळखीचं तुम्हाला गाडीत बसवून एडिसन-इझलिनच्या ओक ट्री रोडवर नेईल. दुकानात गवार दिसेल, तुरीची डाळ दिसेल, जाडे पोहे आणि पातळ पोहे शेजारी-शेजारी दिसतील, आणि प्रवासापासून टांगणीला लागलेला जीव भांड्यात पडेल. बाहेर पडताना ढकलगाडी काठोकाठ भरलेली असेल. तो शनिवार उजाडण्याआधी हे टिपण तुमच्या हाती पडावं, अशी इच्छा आहे. एडिसन, पिस्कॅटवे, प्लेन्सबरो, पार्सिपनी आणि जर्सी सिटी इथल्या मराठी घरांशी बोलून ते तयार केलं आहे. काही जण 30 वर्षांपूर्वी आलेले, काही अलीकडचे. सगळ्यांना दोनच गोष्टी विचारल्या: पहिल्या वर्षी किराण्यात पैसे कुठे गेले, आणि आता तुम्ही काय करता?

महागाईचं नाव फार थोड्यांनी घेतलं. बहुतेकांचं उत्तर होतं, ‘दुकानात शिरल्यावर ठरवायचो.’

पार्सिपनीच्या एका काकूंचं बालपण सांगलीतलं. पगार झाला की वडील पाठकोऱ्या कागदावर वाणसामानाची यादी करत. आई स्वयंपाकघरातून डबे उघडून बघत सांगायची, ‘साखर चार किलो नको, तीनच. हरभरा डाळ आहे.’ यादी वाण्याकडे जायची आणि संध्याकाळी पुड्या घरी यायच्या. सामान वाण्याच्या पाठीमागे असे, आपण फळीच्या अलीकडे. जे यादीत नव्हतं ते डोळ्यांपुढे येतच नसे. इथे आपणच फळ्यांमधून हिंडतो, त्यामुळे वाण्याचं कामही आपलं आणि गिऱ्हाइकाचा मोहही आपला. आता डी-मार्टमध्ये सामान भरत वाढलेल्या पिढीनं ती यादी फारशी पाहिलेलीही नसते. पण ज्या घरांचा खर्च वर्षानुवर्षं हातात राहिला आहे, त्या जवळपास प्रत्येक घरात अशी यादी आहे. कोणाची फ्रिजवर चिकटवलेली, कोणाची फोनमध्ये. मात्र सगळ्यांची घरी, डबे उघडून लिहिलेली.

आकडा किती धरायचा

पहिले दोन महिने कोणताही आकडा धरू नका. फक्त पावत्या एका डब्यात टाकत जा. तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला त्या बाहेर काढून बेरीज करा. मसाले, मीठ, हिंग, तेल हे घर मांडतानाचे खर्च बाजूला काढा आणि उरलेल्या बेरजेतून थोडं कमी करून आपला आकडा ठरवा. शेजाऱ्यांचा आकडा उसना घेऊ नका. त्यांच्याकडे मासे होतात की नाही, दोघं दुपारी ऑफिसात जेवतात की घरी, हे तुम्हाला माहीत नसतं.

तरी ताडून पाहायला काही हवं असेल, तर अमेरिकेचं शेती खातं घरच्या जेवणाच्या खर्चाचे चार आराखडे प्रसिद्ध करतं, काटकसरीपासून सढळ हातापर्यंत. सर्वांत काटकसरीच्या आराखड्यात जून 2024 मध्ये आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं अशा घराला महिन्याला सुमारे 975 डॉलर धरले होते. तो आकडा सगळं घरी रांधून खाण्याचा आहे. आपलं डाळ-भात-पोळीचं जेवण त्याच्या खाली बसू शकतं, पण ‘दोनशे डॉलरमध्ये चौघांचं भागवतो’ असं कोणी म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका.

गुणाकार

नवीन आलेला प्रत्येक जण किमतीला रुपयाच्या भावानं गुणतो. मेथीची जुडी उचलतो, मनात गुणतो आणि परत ठेवतो. पिस्कॅटवेच्या एका ताईंनी पहिल्या हिवाळ्यात सहा आठवडे पालेभाजी आणलीच नाही. बटाटा, कांदा आणि डाळ यांवर घर चाललं. मग सगळे त्या जेवणाला कंटाळले आणि दर शुक्रवारी पिझ्झा सुरू झाला. त्या चार पिझ्झांत महिनाभराची भाजी आली असती, असं त्या अजून हळहळून सांगतात. पगार डॉलरमध्ये आहे, घरभाडं डॉलरमध्ये आहे, तर भाजीही डॉलरमध्येच मोजा. हातात येणाऱ्या पगाराचा कितवा हिस्सा स्वयंपाकघरात जातो एवढंच बघा. मुलांच्या पानातली भाजी आणि फळ गुणाकारापायी जाऊ देऊ नका. हे अगदी मनापासून सांगते आहे.

यादीचे दोन भाग

एक महिन्याचा किराणा: पीठ, तांदूळ, डाळी, कडधान्यं, तेल, पोहे, रवा, मसाले. दुसरा आठवड्याचा बाजार: दूध, भाजी, फळं, अंडी. पैसेही असेच वेगळे ठेवा. किराणा महिन्यात एकदाच. बाजाराची ठरलेली रक्कम आठवड्याला विभागा आणि एका आठवड्याची पुढच्या आठवड्यातून उचलू नका.

किराण्याचं माप आपल्या पोळ्यांवरून काढायचं. 20 पौंडांची कणकेची पिशवी म्हणजे सुमारे 9 किलो. एका पोळीला 30 ग्रॅम कणीक धरली तर तीनशे पोळ्या होतात. घरात रोज पंधरा पोळ्या लागत असतील तर ती पिशवी 20 दिवस पुरते. म्हणजे दोन महिन्यांना तीन पिशव्या. चौथी ‘सेल’मध्ये स्वस्त मिळाली तरी तिचं काम नाही. डाळीचंही तसंच. रोज 100 ग्रॅम लागत असेल तर चार पौंडांची पिशवी 18 दिवस. एकदा हे कागदावर मांडलं की पुढची कित्येक वर्षं तोच कागद चालतो, मुलं वाढतील तसे आकडे बदलायचे.

वजनांचा घोळ लवकर संपवा. एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम आणि सोळा औंस. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरपेक्षा जरासं जास्त. न्यू जर्सीच्या मोठ्या दुकानांत फळीवरच्या चिठ्ठीत पूर्ण किमतीशेजारी एका मापाचा दरही बारीक अक्षरात दिलेला असतो. तो वाचायची सवय लावा. फक्त एकीकडे दर पौंडाचा आणि दुसरीकडे औंसाचा असू शकतो, तेवढं पाहून घ्या.

कुठून काय

डाळी, पिठं, पोहे, साबुदाणा, मसाले, भेंडी-गवार-मेथी-कोथिंबीर: भारतीय दुकान. दूध, अंडी, कोबी, फ्लॉवर, गाजर, बटाटे, केळी: आल्डी किंवा शॉपराइटसारखं अमेरिकन दुकान, जिथे हे बहुतेकदा स्वस्त पडतं. आल्डीत ढकलगाडी सोडवायला पंचवीस सेंटचं नाणं लागतं, ते पाकिटात असू द्या. शॉपराइटमध्ये जानेवारीत ‘कॅन कॅन’ सेल असतो, 1971 पासून चालत आलेला. राजमा, छोले, टोमॅटोचे डबे तेव्हा भरून ठेवणारी घरं आहेत. डबाबंद पदार्थ तुमच्या जेवणात नसतील तर त्या सेलकडे फिरकू नका.

कॉस्टकोबद्दल आमच्यात दोन मतं आहेत. माझं मत असं, की पहिले तीन महिने सदस्यत्व घेऊ नका. सप्टेंबर 2024 पासून साधं सदस्यत्व वर्षाला 65 डॉलर आहे. ते तेल, बदाम, कपड्यांचा साबण यांत सहज वसूल होतं, पण दोघांच्या घरात तिथली पालकाची पिशवी आणि बारा मफिन संपत नाहीत. तुमचा दोन-तीन महिन्यांचा कागद तयार झाला की तिथून कोणत्या सहा गोष्टी घ्यायच्या ते आपोआप कळेल. तिथे क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचंच चालतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. घरी रांधायच्या खाण्याच्या जिनसांवर न्यू जर्सीत विक्रीकर नाही, पण साबण, शाम्पू, गोळ्या-चॉकलेट, थंड पेयं आणि तयार गरम जेवण यांवर 6.625 टक्के आहे. हे सगळं एकाच पावतीत येतं, म्हणून साबण-शाम्पूचा खर्च किराण्यात मिसळू नका, नाहीतर महिनाअखेरीला जेवणच महाग वाटतं. आणि 4 मे 2022 पासून इथे प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत. मोठी किराणा दुकानं कागदीही देत नाहीत. कापडी पिशव्या गाडीच्या डिकीत ठेवा.

टाकलेलं अन्न

पैसे सर्वांत जास्त जातात ते इथे. आमच्या घरी पहिलं वर्ष आठवलं की डोळ्यांपुढे काळी पडलेली कोथिंबीर येते. जुडी आणली की निवडून, पूर्ण कोरडी करून, कागदी टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवली तर दोन आठवडे टिकते. कढीपत्ता फ्रीझरमध्ये छान राहतो. खवलेला नारळ, मेथी, तुरीचे दाणे गोठवलेले मिळतात, ते घ्यायला कमीपणा मानू नका.

रवा, बेसन, कडधान्यं यांना उन्हाळ्याच्या दमट हवेत कीड लागते. आजी बिब्बे घालायची, डाळीला एरंडेल चोळायची. इथे पिशवी आणल्याबरोबर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. प्लेन्सबरोच्या एका घरानं 20 पौंड रवा टाकून दिल्यावर हा नियम केला.

पाकिटावरची ‘बेस्ट बाय’ तारीख बहुतेक वेळा चवीची असते, पदार्थ बिघडण्याची नव्हे. तान्ह्या बाळाचं डब्यातलं दूध तेवढं तारखेनंतर वापरू नका. बाकीच्या बाबतीत वास आणि रंग पाहा.

दही घरी लावा. हिवाळ्यात भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावला की रात्रीतून विरजण लागतं. तूपही घरी कढवा. मीठ नसलेलं एक पौंड लोणी कढवलं की साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. बाटलीच्या किमतीशी एकदा ताडून बघा. बेरी खरवडून मुलांना साखर घालून द्या.

घाबरून भरलेलं सामान

20 जुलै 2023 ला भारतानं बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. बातमी आल्यावर इथल्या दुकानांतून सोना मसुरीच्या पिशव्या भराभर उचलल्या गेल्या. एडिसनच्या एका घरानं एका संध्याकाळी सहा पिशव्या घेतल्या, चढ्या भावानं. महिन्याचा आकडा तर मोडलाच, पण तळघरात त्यातल्या दोन पिशव्यांना कीड लागली. बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली. मधल्या काळात त्यांच्या शेजारच्या घरानं बासमती तुकडा खाल्ला आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

हीच चिंता विमानात चढतानाही असते. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर बॅगेत आणू नका. खाप्रा नावाच्या किडीच्या भीतीनं भारतातून प्रवाशांना तांदूळ आणायला मनाई आहे. ताजा कढीपत्ताही आणू देत नाहीत. वाळवलेले मसाले आणाल तर विमानतळावर विचारतील तेव्हा लपवू नका.

सण आणि पाहुणे

दिवाळीच्या महिन्यात आकडा मोडतो, आणि मोडू द्यावा. त्यासाठी जानेवारीपासून दरमहा पंधरा-वीस डॉलर वेगळे ठेवणारी घरं आहेत. त्यात गणपतीची तांदळाची पिठी आणि गूळही येतो. चिवडा दोघी-तिघींनी एकाच घरी मिळून केला तर तेलही वाचतं आणि दिवसही छान जातो. शनिवारी जेवायला बोलावलं की ‘मी काय आणू?’ असं विचारलं जाईल. ‘काही नको’ म्हणायची आपली रीत आहे. इथे मोकळेपणानं सांगा, ‘कोशिंबीर आणि भात आणा.’ कोणालाही त्याचं वाईट वाटत नाही.

पैसे कोणाच्या हातात

हे लिहावं की नाही यावर आमच्यात बोलणं झालं, आणि लिहायचं ठरलं. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीवर आलेल्या जोडीदाराला इथे बऱ्याचदा लगेच नोकरी करता येत नाही. पुण्यात स्वतःचा पगार असलेली बाई इथे कोथिंबिरीसाठी पैसे मागते. मग ती कमीत कमी मागते, स्वतःसाठी काही घेत नाही, आणि दुसरीकडे कमावणारा एकटाच कॉस्टकोतून भरभरून आणतो. अशा घरात कोणताच आकडा टिकत नाही. पहिल्याच महिन्यात दोघांच्या नावे बँक खातं उघडा आणि दोघांकडे डेबिट कार्ड असू द्या. किराण्याची रक्कम महिन्याच्या एक तारखेला वेगळी काढा आणि यादी करणाऱ्याच्या स्वाधीन करा. त्यात तिला किंवा त्याला दर पावतीचा जाब विचारायचा नाही. यादी मात्र दोघांनी मिळून करा, अर्धा तास बसून. जर्सी सिटीतल्या एका जोडप्यानं सांगितलं, की पहिल्या वर्षीची त्यांची भांडणं या अर्ध्या तासानं थांबली.

शेवटचा आठवडा

बहुतेक घरांनी महिन्याचा चौथा आठवडा डबे रिकामे करण्यासाठी ठेवला आहे. त्या आठवड्यात दूध आणि फळांखेरीज काही आणायचं नाही. तळाला राहिलेली मटकी, मूग, चवळी एकत्र भिजवून मिसळीची उसळ. उरलेल्या पिठांचं थालीपीठ. भाजी नसेल त्या दिवशी पिठलं-भात, आणि रविवारी कुळीथ असतील तर त्यांचं कळण. रिकामा झालेला डबा धुऊन, पुसून पालथा घाला. एक तारखेला यादी करताना आधी तेच डबे बघायचे.